विकतचे जेवण आणि अन्नधर्म

परक्या गावात दुपारी भूक लागली की कुठे जेवायचे, हा प्रश्न वरवर पाहता खिशाचा आणि जिभेचा वाटतो. भारतीय परंपरेने मात्र तो फार पूर्वीच धर्माच्या कक्षेत घेतला. अन्न कोणाचे, ते शिजवले कोणी, पंगतीला शेजारी कोण आणि खाल्ल्याबद्दल द्यायचे काय, या चार गोष्टींचा विचार उपनिषदांनी केला, स्मृतिकारांनी केला, संतांनी केला आणि पुढे घटनाकारांनाही तो टाळता आला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात या विचाराच्या निरनिराळ्या अवस्था एका दिवसाच्या फिरतीत भेटतात. शिर्डीच्या प्रसादालयात जेवणाला पैसे पडत नाहीत. शिवभोजन केंद्रात दहा रुपयांत ताट मिळते. नगर शहरात माळीवाडा बसस्थानकाच्या आसपास किंवा मार्केट यार्डाच्या बाजूला खानावळीच्या दारात राइस प्लेटचा दर लिहिलेला असतो. तेवढे पैसे दिले की कोणी काही विचारत नाही. पहिले अन्न दानाचे, दुसरे हक्काचे, तिसरे विकतचे. परंपरेने यांतल्या विकतच्या अन्नाला सर्वांत खाली बसवले. ती क्रमवारी तपासून पाहण्यासारखी आहे, कारण गावोगाव फिरणाऱ्या बहुसंख्य माणसांचे दुपारचे जेवण आज याच तिसऱ्या प्रकारचे असते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी व्यापारावर जगण्याची वेळ आलेल्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी येते. रस आणि तीळ यांच्याबरोबर शिजवलेले अन्नही तिच्यात आहे. कच्चे धान्य विकणे वेगळे आणि रांधलेले विकणे वेगळे, असा हा भेद आहे. रांधलेल्या अन्नात रांधणाऱ्याचा हात, त्याची चूल, त्याचे घर उतरते. ते विकणे म्हणजे घरातले काहीतरी बाजारात मांडणे, अशी त्यामागची समजूत दिसते. चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची आणखी लांब यादी आहे. तिच्यात चोर आणि व्याजबट्टा करणारा यांच्याच ओळीत सुतार, सोनार, वैद्य आणि गवई बसवलेले आहेत. इथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. चोराचे आणि गरिबाला नाडणाऱ्या सावकाराचे अन्न नको म्हणण्यात एक खरी नैतिक जाण आहे: ताटातला घास कोणत्या मार्गाने आला हे खाणाऱ्याने विचारावे. सुताराचे अन्न नको म्हणण्यात तसली जाण काहीच नाही. तिथे श्रमाची आणि जातीची पायरी फक्त दाखवली आहे. पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत समाजाने पहिला भाग विसरून दुसरा घट्ट धरला, ही या विषयातली सर्वांत दुःखाची गोष्ट.

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातली उषस्ती चाक्रायणाची कथा या याद्यांहून जुनी आणि त्यांच्याहून शहाणी आहे. कुरुदेशात पिके उद्ध्वस्त झाली होती. उषस्ती आपल्या तरुण पत्नीसह एका श्रीमंत हत्तीवाल्याच्या गावात आश्रयाला आला. तिथे एक माणूस घुगऱ्या खात बसला होता, त्याच्याकडे उषस्तीने अन्न मागितले. त्या माणसाजवळ ताटातल्या उष्ट्या घुगऱ्यांशिवाय काहीच नव्हते. उषस्तीने त्याच मागून घेतल्या आणि खाल्ल्या. मग तो माणूस पाणी देऊ लागला, तर उषस्ती म्हणाला की ते उष्टे आहे, नको. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, या प्रश्नावर त्याचे उत्तर असे की त्या खाल्ल्या नसत्या तर जीव गेला असता. पाणी मात्र हवे तिथे मिळते. उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीसाठी नेल्या. तिला तोवर भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने त्या जपून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तिथे त्याला काम मिळाले. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याच कथेच्या आधारे ठरवले आहे की प्राणावर बेतले असता कोणतेही अन्न चालते. पण कथेचे मर्म त्या सवलतीत नाही, तिच्या मोजमापात आहे. अडचण जेवढी, तेवढीच सवलत. घोटभर पाण्यापाशी ती संपते. अन्नाच्या नियमांकडे इतक्या मोकळ्या आणि तरीही इतक्या काटेकोर नजरेने पाहणारी दुसरी कथा आपल्या वाङ्मयात सापडणे कठीण.

नगरच्या बसस्थानकावर उतरलेला प्रवासी मात्र उषस्ती नव्हे. त्याच्या जिवावर बेतलेले नाही, खिशात थोडेफार पैसे आहेत आणि दोन तासांनी त्याला पुढची गाडी धरायची आहे. जुन्या व्यवस्थेत अशा माणसाला अतिथी म्हणत आणि त्याला जेवू घालणे हे गृहस्थाचे कर्तव्य होते. गाव लहान आणि येणारा क्वचित, तोवर हे चालते. यात्रेला हजारो माणसे जायला लागली तेव्हा घरांच्या जागी अन्नछत्रे आली. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्रांत घाट आणि धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे चालवली. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. आषाढीला निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, आणि वाटेवरची गावे दिंड्यांना पंगती घालतात. जेवू घालणारा इथे वारकऱ्याचे पाय धरतो, म्हणजे उपकार कोणी कोणावर केला हे उलटे होऊन जाते. दानाचे हे सर्वांत सुंदर रूप.

त्याचे दुसरे रूप कमी सुंदर होते. पुण्या-नगरच्या शाळांत शिकणारी गरीब ब्राह्मणांची मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोट भरत असे, पण कोणत्या घरात वाढताना कपाळाला आठी पडते हे त्या मुलांना जन्मभर विसरता येत नसे. आणि ही सोयसुद्धा जातीच्या आतली होती. इतर जातींच्या गरीब मुलांना ती दारे बंदच असत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये दानावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात महाभारतातल्या दानधर्माचाही विचार केला. दान घेणारा दात्याशी बांधला जातो, परत काही दिल्याशिवाय ते ओझे उतरत नाही, हा त्याचा निष्कर्ष धर्मशास्त्राला नवा नव्हता. प्रतिग्रहाने, म्हणजे दान घेण्याने, तेज कमी होते असे स्मृतींनीही म्हटले आहे. मोसच्या पंचवीस वर्षे आधी, १९०० मध्ये, गेओर्ग झिमेल याने पैशावरच्या ग्रंथात याची दुसरी बाजू मांडली होती. पैसा माणसामाणसांतले नाते कोरडे करतो, पण तोच माणसाला दुसऱ्याच्या मर्जीतून सोडवतोही. हे दोन विचार शेजारी ठेवले की खानावळीचे मोल कळू लागते.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि नगर त्या मार्गावर आले. रेल्वे, कचेऱ्या, कोर्ट, शाळा आणि गिरण्या यांनी एक नवा माणूस तयार केला. तो कोणाचा पाहुणा नव्हता, यात्रेकरू नव्हता, भिक्षेकरीही नव्हता. त्याला रोज दुपारी जेवण हवे होते आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडायचे नव्हते. खानावळ या माणसासाठी उभी राहिली. मुंबईच्या गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवण घालणाऱ्या बायका होत्या; त्यांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. शिजवलेले अन्न विकणे हलके, असे म्हणणाऱ्या परंपरेपुढे हजारो बायकांनी तेच अन्न विकून मुलांची शिक्षणे केली. मनूच्या यादीला इतके थेट उत्तर कोणत्याही ग्रंथाने दिलेले नाही.

तरी खानावळ आली म्हणून पंगत एक झाली नाही. कित्येक उपाहारगृहांत अस्पृश्य मानलेल्यांना दारातच थांबवले जाई किंवा त्यांची कपबशी वेगळी ठेवली जाई. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना छत्रपती शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि ते स्वतः अधिकाऱ्यांसह तिथे चहा प्यायला गेले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. नगर जिल्ह्यातले उदाहरण घरातले आहे, म्हणून ते अधिक जवळून दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळानंतर त्यांच्याकडे राहायला आल्या, पण आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. नगर आणि राहुरीच्या त्या वर्षांत हा आग्रह त्यांच्या स्वतःच्या विचारानेच गळून पडला, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही सगळी उलघाल आली आहे. कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न एका बुद्धिमान, श्रद्धाळू बाईला किती वर्षे आणि किती खोलवर छळू शकतो, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे.

१९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने हा प्रश्न सार्वजनिक जागेपुरता निकालात काढला. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे तो सांगतो. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अशी अडवणूक हा गुन्हा ठरवला. पुढे याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. घटनाकारांनी देवळे आणि पाणवठे यांच्याबरोबर खानावळीचाही विचार केला, कारण माणूस माणसाला कमी लेखतो तो बहुधा ताटाच्या वेळी. दरपत्रकावर आकडा आहे आणि तेवढा देणाऱ्याला आडनाव विचारता येत नाही, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिच्यासाठी कितीजणांनी किती अपमान सोसले याचा विसर पडतो.

आता खुद्द खानावळीकडे. ताट स्वस्त कसे होते, हे समजल्याशिवाय ते चांगले आहे की नाही हे ठरवता येत नाही. नगरकडच्या साध्या खानावळीत रोज एक रस्साभाजी किंवा मटकीची उसळ, एक सुकी भाजी, वरण, भात आणि पोळ्या किंवा भाकरी एवढेच असते. सोबत कांदा, लिंबाची फोड आणि शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा. पदार्थ ठरलेले असतात, म्हणून बाजार एकदाच होतो आणि वाया फार जात नाही. महिन्याचे पैसे आगाऊ भरणारे मेसचे गिऱ्हाईक असले की किती माणसे येणार हे सकाळीच कळते. साडेबारा ते अडीच या वेळात सगळा धंदा होतो. म्हणजे स्वस्ताई येते ती निवड कमी असण्यातून आणि अंदाज पक्का असण्यातून, माल हलका वापरण्यातून येण्याचे कारण नाही. शंभर पदार्थांचे रंगीत मेनूकार्ड असलेल्या ठिकाणी यातले काहीच शक्य होत नाही. तिथे फ्रीज लागतो, उरलेले ठेवावे लागते आणि त्याचा खर्च बिलात चढतो.

भाकरीचे उदाहरण घ्यावे. बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडू पडते. म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे लागते. भिजवलेले पीठही ठेवून चालत नाही. परातीत एका भाकरीपुरते पीठ घेऊन पाण्याने मळायचे, तळहाताने रगडायचे, लगेच थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी विस्तवावर धरून फुगवायची. मैद्याच्या रोटीचा उंडा तासन्तास झाकून ठेवता येतो. भाकरीला ती सोय नाही. त्यामुळे जिथे माणसाच्या हाताने थापलेली भाकरी मिळते तिथे निदान भाकरीपुरती तरी शिळेपणाची शक्यता नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात, शिजवून प्रहर उलटलेल्या अन्नाला तामस म्हटले आहे. हा निकष जात-पात पाहत नाही, घड्याळ पाहतो, म्हणून तो आजही जसाच्या तसा लागू पडतो.

नवख्या माणसाला चांगली जागा ओळखायची तर याच निकषावर ओळखता येते. एसटीचे चालक-वाहक, कोर्टातले कारकून, आडतीवरचे हमाल ही माणसे रोज बाहेर जेवतात. एक दिवस पोट बिघडले तर त्यांची रोजी बुडते, म्हणून ती जिथे वर्षानुवर्षे बसतात तिथे बसण्यात धोका कमी. फळ्यावरची यादी छोटी असावी. आणि तीनच्या सुमारास गेलेल्याला “संपलं” असे उत्तर मिळत असेल, तर ती खानावळ दुसऱ्या दिवशीसाठी लक्षात ठेवावी. तिथे दुपारचे संध्याकाळी वाढले जात नाही.

दानाच्या अन्नाकडे परत येताना शिर्डीचा विचार करावाच लागतो, कारण दान, भिक्षा आणि मोल या तिन्हींचा गुंता तिथे एकाच माणसाच्या आयुष्यात आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधी घेईपर्यंत साईबाबा गावातल्या ठरावीक पाच घरी भिक्षा मागत. मिळालेले कोरडे आणि पातळ एकत्र करून मशिदीतल्या कुंडीत ठेवत. तीत कुत्री, मांजरे, कावळे तोंड घालत, झाडणारी बाई आपली भाकरी घेऊन जाई. पुढे त्यांच्याकडे दक्षिणेचे पुष्कळ पैसे येऊ लागले, तरी भिक्षा सुटली नाही. हेच बाबा कधी कधी मोठी हंडी चढवून शेकडो माणसांना जेवू घालत. हेमाडपंतांच्या ‘साईसच्चरिता’त या हंडीचे वर्णन सविस्तर आहे: त्यासाठी लागणारे धान्य, मसाला ते स्वतः बाजारात जाऊन, भाव करून, रोख पैसे मोजून आणत; मसालाही स्वतः वाटत. त्याच ग्रंथात शिडीची गोष्ट आहे. घरावर चढण्यासाठी एकाने शिडी आणून लावली, तेवढ्या कामाचे बाबांनी त्याला दोन रुपये दिले. इतके कशाला, असे लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की कोणाचे कष्ट फुकट घेऊ नयेत. भिक्षेवर जगणारा आणि फुकट अन्न वाटणारा हा फकीर मजुरीच्या बाबतीत एवढा काटेकोर होता. खाणाऱ्याकडून काही न घेणे आणि राबणाऱ्याला पुरेपूर देणे, हे दोन्ही त्याच्या ठायी एकाच धर्माचे भाग होते.

आजचे प्रसादालय ही त्या हंडीची मोठी आवृत्ती. २००९ मध्ये तिथे ७३ सौर तबकड्या बसवण्यात आल्या. त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. खर्च भाविकांच्या देणग्यांतून भागतो. जानेवारी २०२५ मध्ये माजी खासदार सुजय विखे पाटील यांनी हे मोफत जेवण बंद करून भाविकांकडून पंचवीस रुपये घ्यावेत आणि वाचलेला पैसा शिक्षणावर खर्च करावा, अशी मागणी केली; मोफत जेवणामुळे राज्यभरातले भिकारी शिर्डीत गोळा होतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठा वाद झाला. पुढच्याच महिन्यात प्रसादालय चालवणाऱ्या साईबाबा संस्थानने दर्शन घेतलेल्यांना कूपन देऊन त्यावर जेवण देण्याची पद्धत सुरू केली.

हा वाद केवळ स्थानिक राजकारणाचा नव्हता. दान पात्र पाहून द्यावे, हे गीतेनेच सतराव्या अध्यायात सांगितले आहे: योग्य देश, योग्य काळ, योग्य पात्र. म्हणून मागणी करणाऱ्याला शास्त्राचा आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. शिवाय पंचवीस रुपये मोजणारा भाविक उपकाराच्या ओझ्याखाली जेवत नाही, हेही खरे. पण भुकेच्या बाबतीत पात्र कोण, याचे उत्तर परंपरेने वेगळे दिले आहे. दक्षिणा, गाय, सोने देताना विद्या आणि आचार पाहावेत. अन्नाला भुकेखेरीज दुसरी पात्रता लागत नाही. तैत्तिरीय उपनिषद तर दारात आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हे व्रतच समजते आणि त्यासाठी अन्न पुष्कळ मिळवावे असे सांगते. आणि शिर्डीत तर मुद्दा आणखी सरळ आहे. ज्याच्या नावाने हे छत्र चालते तो स्वतः पाच दारी झोळी घेऊन उभा राहत होता. भीक मागणे ही अपात्रता ठरवायची तर तिथे पहिली अडचण त्याचीच होईल. गर्दीला आळा घालणे हे संस्थानचे कामच आहे. कूपनने ते साधत असेल तर हरकत नाही. ज्याच्यापाशी कूपन नाही अशा उपाशी माणसाची सोय कुठेतरी राहिली पाहिजे, एवढेच.

दानाच्या अन्नाची गरज नगर शहरात २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष दिसली. खानावळी बंद होत्या, खिशातल्या पैशाचा उपयोग नव्हता आणि विकतचे अन्न काही आठवडे जवळजवळ नाहीसेच झाले. तेव्हा शहरातल्या ‘घर घर लंगर सेवा’ या उपक्रमाने रोज जेवणाची पाकिटे पोचवली. बाजार कोलमडतो तेव्हा दानाची ही जुनी यंत्रणाच हाताशी लागते, म्हणून विकतच्या अन्नाची बाजू घेणाऱ्यानेही तिला कमी लेखू नये.

तिसरी वाट राज्याची. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. माणसे खडी फोडायला गेली आणि कामावर मजुरीबरोबर सुकडी खाऊन राहिली. त्या अनुभवातून राज्यभर विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तिचे तत्त्वज्ञान स्पष्ट होते: भुकेल्याला भीक नको, काम द्या, म्हणजे तो आपले अन्न विकत घेईल. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आल्यावर एक रुपयात झुणका-भाकर निघाली, तिने दुसरे तत्त्व धरले: अन्न विकतच मिळू दे, पण किंमत सर्वांत गरिबाच्या हातात बसेल एवढी ठेवू. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी याच वाटेवरची. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. खाणाऱ्याने दहा रुपये द्यायचे, आणि शहरात पन्नास, ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरलेल्या किमतीतला उरलेला भाग सरकारने भरायचा. टाळेबंदीत दर पाच रुपये झाला आणि २०२१ च्या निर्बंधांत काही काळ थाळी मोफत दिली गेली.

दहा रुपयांत ताटाचा खर्च निघत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. मग ते घेतातच कशाला? ते घेतल्याने माणूस गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईकाला वरण पातळ आहे अशी तक्रार करता येते. भिक्षेकऱ्याला ती करता येत नाही. मात्र या व्यवस्थेची मेख अनुदानात आहे. ते वेळेवर मिळत नसल्याची तक्रार केंद्रचालकांनी वेळोवेळी केली आहे, आणि अशा वेळी गरिबाचे ताट बचत गटातल्या बाया आपल्या पदरमोडीने भरत असतात. त्यांचे हे दान कोणाच्याही हिशेबात लिहिले जात नाही.

दान, बाजार आणि राज्य या तिन्हींच्या मधली एक जागा पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीने शोधली. ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र १९७० च्या दशकात सुरू झाले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर, कष्टकऱ्यांच्याच संघटनेने, कष्टकऱ्यांसाठी चालवलेली ही खानावळ. तिथे जेवणारा कोणाचा आश्रित नाही आणि कोणाच्या नफ्याचे साधनही नाही. दर परवडतो तो कोणी उदार झाल्यामुळे नव्हे, तर मध्ये नफा घेणारा कोणी नसल्यामुळे. अन्नधर्माच्या दृष्टीने पाहिले तर स्वस्त जेवणाची सर्वांत निर्दोष तऱ्हा हीच म्हणावी लागेल. एवढ्या वर्षांत गावोगावच्या बाजार समित्यांभोवती अशा शंभर खानावळी उभ्या राहायला हव्या होत्या.

खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पैसे दिल्याने काय फिटते आणि काय उरते, हा प्रश्न राहतो. विकणाऱ्याचे देणे फिटते, आणि विकतच्या अन्नाची खरी थोरवी ती हीच. पण स्मृतींनी गृहस्थाच्या घरात हिंसेच्या पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, पाटा किंवा जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. अन्न तयार होताना कोणाला तरी झळ पोचतेच, आणि तिची भरपाई म्हणून पंचमहायज्ञ. एकट्यापुरते रांधून खाणारा पाप खातो, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले विधान याच अर्थाचे आहे. त्यावर भाष्य करताना नेवाशाला ज्ञानेश्वरांनी अन्नाला सामान्य वस्तू मानू नये, ते ब्रह्मरूप आहे, असे सांगितले. खानावळीत जेवणाऱ्याने स्वतः चूल पेटवलेली नसते, म्हणून त्याची झळ दुसऱ्याला बसते. यज्ञ त्याच्या हातात नाही. दोन गोष्टी मात्र आहेत. अमर्याद थाळीत लागेल तेवढेच घेणे ही एक. वाढपी पुन्हा आला की पोट पाहून नको म्हणणे, हे शेतकऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कष्टांचा मान राखणे आहे.

दुसरी गोष्ट कठीण आहे: ताटाची खरी किंमत कोण सोसतो हे पाहणे. ताट खर्चापेक्षा स्वस्त असेल तर मधला फरक कोणीतरी सोसतो. शिर्डीत तो देणगीदार सोसतो आणि देणगीची पावती मिळते. शिवभोजनात तिजोरी सोसते आणि तसा शासन निर्णय असतो. खासगी खानावळीत निवड कमी आणि गिऱ्हाईक पक्के असेल तर फरक राहतच नाही. तसे काहीच नसताना दर शेजाऱ्यांपेक्षा फारच खाली असेल, तर तो बहुधा मोरीपाशी बसलेल्याच्या मजुरीतून निघतो. चोराचे आणि नाडणाऱ्या सावकाराचे अन्न खाऊ नये, या जुन्या नियमाचा आजचा अर्थ इथे लागतो. ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले आणि उपाहारगृहे यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. टेबल पुसायला दहा-बारा वर्षांचे पोर आले, तर जेवण कितीही रुचकर आणि स्वस्त असले तरी ते अन्न शुद्ध नाही. अशा वेळी उठून दुसरीकडे जाता येते, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक कोणत्याही फोनवरून विनामूल्य लागतो.